‘एटीएलियन्स’ : बहिष्कृतांचा दुसरा अल्बम

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहरातील ‘आउटकास्ट’ या रॅपर जोडीचा ‘एटीएलियन्स’ हा दुसरा स्टुडिओ अल्बम होय. ‘लाफेस रेकॉर्ड्स’ या कंपनीने तो २७ ऑगस्ट १९९६ रोजी प्रसिद्ध केला. आंद्रे बेंजामिन (पुढे ‘आंद्रे ३०००’ या नावाने प्रसिद्ध) आणि अँटवान पॅटन ऊर्फ ‘बिग बॉय’ हे या जोडीतील दोघे. दोघांचाही जन्म १९७५ चा. म्हणजे अल्बम आला तेव्हा दोघांनी नुकतीच एकविशी गाठली होती. पंधरा गाणी आणि सुमारे ५७ मिनिटांचा ऐवज असलेला हा अल्बम अमेरिकी दक्षिणेतील हिप हॉपच्या वाटचालीतला एक मैलाचा दगड मानला जातो.

नावाची फोड सोपी आहे. ‘एटीएल’ हा अटलांटाच्या विमानतळाचा कोड आणि ‘एलियन’ म्हणजे परग्रहावरचा, उपरा. दोन्ही जोडून अटलांटावासीयांसाठी एक नवेच नाव या पोरांनी तयार केले. नाशिककरांना ओझर विमानतळाचा कोड ‘आयएसके’ आहे हे तिकिटावर वाचल्याशिवाय ठाऊक नसते आणि नाशिकरोड स्थानकाचा ‘एनके’ आरक्षणाच्या अर्जापलीकडे कुणाच्या कामी येत नाही. अटलांटात मात्र विमानतळाची ही तीन अक्षरे आज शहराचे लाडके नाव झाली आहेत, आणि ती रुजवण्यात या अल्बमचाही वाटा आहे.

मात्र ‘उपरा’ हा शब्द त्यांनी उगाच निवडलेला नव्हता. त्यामागे एक विशिष्ट रात्र होती.

ऑगस्ट १९९५ : न्यूयॉर्कमधील हुर्यो

हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने तेथील एका इमारतीत वाजवलेल्या पार्टीपासून त्याचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. ऐंशीच्या दशकाअखेर पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिसने त्यात आपला हिस्सा मागितला. पुढची काही वर्षे हा सारा व्यवहार दोन किनाऱ्यांमधला राहिला. दक्षिणेत काही घडत नव्हते असे नाही. मायामीत ‘टू लाइव्ह क्रू’ होते, ह्यूस्टनमध्ये ‘गेटो बॉइज’ होते. पण न्यूयॉर्कच्या जाणकारांच्या लेखी दक्षिण म्हणजे हेल काढून बोलणाऱ्या गावंढळांचा प्रदेश. तेथले संगीत नाचायला ठीक, ऐकायला नव्हे, अशी एकूण समजूत होती.

३ ऑगस्ट १९९५ रोजी न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पॅरामाउंट सभागृहात ‘द सोर्स’ या हिप हॉपला वाहिलेल्या मासिकाचा पुरस्कार सोहळा झाला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांतील वैर त्या वेळी टोकाला पोहोचले होते. त्याच व्यासपीठावरून लॉस एंजेलिसच्या ‘डेथ रो’ कंपनीचा प्रमुख शूग नाइट याने न्यूयॉर्कच्या पफ कोम्ब्जला जाहीर टोमणा मारला आणि सभागृह तापले. अशा वातावरणात सर्वोत्कृष्ट नवोदित रॅप चमूचा पुरस्कार जाहीर झाला तो ‘आउटकास्ट’ला. अटलांटाची वीस वर्षांची दोन पोरे व्यासपीठावर चढली आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली.

बिग बॉयने यजमान शहराचे आभार मानून प्रसंग सावरण्याचा प्रयत्न केला. आंद्रेने ध्वनिक्षेपक हाती घेतला तेव्हा त्याच्या आवाजात कंप होता. लोकांची मने बंद झाली आहेत, याचा आपल्याला कंटाळा आला आहे, असे तो म्हणाला. आणि मग एकच वाक्य : दक्षिणेला काही सांगायचे आहे. एवढे बोलून तो उतरला. या प्रसंगाची चित्रफीत आजही इंटरनेटवर पाहायला मिळते. मुद्दाम पाहावी अशी आहे. कारण पुढे ज्याचा जयघोष झाला ते वाक्य प्रत्यक्षात एका गोंधळलेल्या, दुखावलेल्या मुलाने कसेबसे उच्चारलेले आहे.

‘एटीएलियन्स’ आला तो या रात्रीनंतर एका वर्षाने. आता सांगायचे आहे म्हटल्यावर काय सांगायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मुंबई आणि पुणे यांच्या जोडीने ‘सुवर्ण त्रिकोणा’चा तिसरा कोन म्हणवून घेणाऱ्या, पण बहुतेक वेळा उरलेल्या दोघांच्या सावलीत राहणाऱ्या शहरातून हे लिहिताना त्या प्रश्नाचे वजन थोडे अधिक जाणवते, हे मान्य केले पाहिजे.

मातीच्या जमिनीचे तळघर

या जोडीची सुरुवात शाळेतली. अटलांटाला लागून असलेल्या ईस्ट पॉइंट येथील ट्राय-सिटीज हायस्कूलमध्ये दोघे शिकत होते. तेथून ते ‘ऑर्गनाइज्ड नॉइज’ या संगीतकार त्रयीपर्यंत पोहोचले. रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन हे ते तिघे. रिको वेडच्या आईच्या लेकवूड हाइट्स भागातील घराखाली एक अर्धवट बांधलेले तळघर होते. जमीन फरशीची नव्हती, जॉर्जियाच्या तांबड्या मातीची होती. तेथेच यंत्रे मांडून ही मंडळी दिवसरात्र गाणी करीत. या जागेला ‘डंजन’ म्हणजे अंधारकोठडी असे नाव पडले आणि तेथे जमणाऱ्या गोतावळ्याला ‘डंजन फॅमिली’. ‘आउटकास्ट’ आणि ‘गुडी मॉब’ हे त्यातले सर्वांत गाजलेले चमू.

१९९३ मध्ये लाफेस कंपनीच्या नाताळनिमित्तच्या संकलनात ‘प्लेयर्स बॉल’ हे त्यांचे गाणे समाविष्ट झाले आणि ते ‘बिलबोर्ड’च्या रॅप यादीत सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. २६ एप्रिल १९९४ रोजी पहिला अल्बम आला. त्याचे नाव एका दमात उच्चारणे अवघड आहे : ‘सदर्नप्लेयालिस्टिकॅडिलॅकम्युझिक’. कॅडिलॅक मोटारी, शहरातील रस्ते, ऐट आणि उनाडकी असा त्याचा ऐवज होता. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

दरम्यान याच ‘ऑर्गनाइज्ड नॉइज’ने ‘टीएलसी’ या मुलींच्या चमूसाठी केलेले ‘वॉटरफॉल्स’ हे गाणे १९९५ च्या उन्हाळ्यात सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. म्हणजे ज्या दक्षिणेची न्यूयॉर्कने हुर्यो उडवली, तिच्याच तळघरात तयार झालेले गाणे त्या वेळी साऱ्या अमेरिकेच्या ओठांवर होते. ‘गुडी मॉब’चा पहिला अल्बम ‘सोल फूड’ त्याच वर्षी नोव्हेंबरात आला आणि ‘डर्टी साउथ’ हा शब्दप्रयोग त्यातल्या एका गाण्यामुळे रूढ झाला. हिणवण्यासाठी वापरता येईल असा शब्द आपणच उचलून त्याचा झेंडा करायचा, ही तेथली रीतच दिसते.

नाव आणि त्याचे इकडचे नातेवाईक

‘आउटकास्ट’ या नावाचे मराठी भाषांतर एकच होऊ शकते : बहिष्कृत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाची आठवण झाल्याशिवाय मराठी वाचकाला हा शब्द वाचता येत नाही. या दोघांनी नाव घेताना अर्थातच भारतीय जातिव्यवस्था डोळ्यांपुढे ठेवली नव्हती. आधी मनात असलेले नाव दुसऱ्या कुणी घेतलेले निघाले, म्हणून त्यांनी शब्दकोश उघडला आणि त्यात हा प्रतिशब्द सापडला. मग त्याचे स्पेलिंग उच्चाराप्रमाणे बदलून घेतले. हकिकत इतकीच आहे.

तरीही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आणि महाराष्ट्र यांचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. रॅप या प्रकाराकडे पाहतानाही आपल्याला अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. ठेक्यावर शब्द पेरत जाणे, समोरच्याला सवाल टाकणे, जागच्या जागी जवाब देणे, हे कलगी-तुऱ्याच्या फडांनी आणि आंबेडकरी जलशांनी आपल्याकडे फार पूर्वी केलेले आहे. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी गावोगावच्या मंचांवरून हेच केले. दोन परंपरा एक आहेत असा दावा येथे करायचा नाही. अटलांटातील तळघर आणि देशवंडी यांत समुद्र आहेत. पण ज्याला मुख्य दरवाजातून आत घेतले जात नाही तो आपला आवाज शब्द आणि ठेका यांवरच उभा करतो, एवढे साम्य नाकारता येत नाही.

दुसऱ्या अल्बममध्ये काय बदलले

पहिला अल्बम यशस्वी झाल्यावर कंपन्यांची अपेक्षा सर्वत्र सारखीच असते : तेच पुन्हा करा. शिवाय न्यूयॉर्कने हिणवल्यावर दोन मार्ग मोकळे होते. न्यूयॉर्कसारखे रॅप करून दाखवायचे किंवा पहिल्या अल्बममधील कॅडिलॅक आणि ऐट आणखी चढ्या आवाजात मांडायची. या जोडीने दोन्ही टाळले. आपल्याला परके ठरवता ना, मग आम्ही परग्रहावरचेच, अशी त्यांनी भूमिका घेतली; आणि संगीतही तसेच केले.

बदलाची सुरुवात आयुष्यातून झाली होती. पहिल्या अल्बमच्या पैशांतून दोघांनी स्वतःची सामग्री विकत घेतली. त्यात एमपीसी ३००० आणि एसपी १२०० ही ध्वनितुकड्यांतून ठेके बांधणारी यंत्रे आणि एक मिक्सिंग बोर्ड होता. तोवर गाण्यांचा सांगाडा ‘ऑर्गनाइज्ड नॉइज’ने द्यायचा आणि यांनी शब्द भरायचे, अशी वाटणी होती. आता दोघे आपला साथीदार डेव्हिड शीट्स ऊर्फ ‘मिस्टर डीजे’ याच्यासह स्वतः ठेके बांधू लागले. अल्बममधील बहुतांश गाणी ‘ऑर्गनाइज्ड नॉइज’चीच आहेत, परंतु ‘एलिव्हेटर्स’ आणि शीर्षकगीत ही दोन सर्वाधिक गाजलेली गाणी मात्र या जोडीने स्वतः घडवलेली आहेत.

जमैकाच्या एका सफरीनंतर दोघांनी केसांच्या वेण्या सोडून ते नैसर्गिकपणे वाढू दिले. आंद्रेने मद्य आणि गांजा सोडला, तो शाकाहारी झाला, डोक्याला फेटा गुंडाळून फिरू लागला. पहिल्या अल्बममध्ये उनाडकीची गाणी गाणारा हाच का, असा प्रश्न पडावा इतका हा बदल होता. बिग बॉयच्या घरी १९९५ मध्ये मुलगी जन्मली आणि त्याच सुमारास जिने त्याला वाढवण्यात हातभार लावला होता ती मावशी वारली. एकाने व्यसने सोडलेली, दुसरा बाप झालेला, आणि वय एकवीस. या अल्बमच्या गांभीर्याचे मूळ येथे आहे. दक्षिणेचा मान वगैरे पुढच्या गोष्टी.

त्यामुळेच गाण्यांचे विषयही निराळे आहेत. ‘एलिव्हेटर्स’ हे आंद्रे आणि बिग बॉय यांच्या प्रवासाचे कथन. त्याच्या शेवटच्या कडव्यात एक जुना ओळखीचा माणूस आंद्रेला भेटतो. टीव्हीवर दिसणारा मित्र गडगंज झाला असणार, असे तो गृहीत धरून चालतो. आंद्रे त्याला समजावतो की आपलेही पोट हातावरच आहे. गाणी केली नाहीत तर घर चालणार नाही. प्रसिद्धीच्या ऐन चढणीवर लिहिलेला हा प्रसंग आहे आणि त्यात फुशारकीचा लवलेश नाही. ‘बॅबिलॉन’मध्ये बालपण आणि मावशीचा मृत्यू येतो. ‘जॅझी बेल’ या नावात बायबलमधील जेझेबेल या राणीवर श्लेष आहे. या गाण्यात पुरुषांच्या वागणुकीचीही झाडाझडती आहे. मात्र स्त्रियांबद्दलचा त्यातला उपदेशाचा सूर आज ऐकताना खटकतो, हेही नमूद करायला हवे. शेवटी ‘ग्रोइंग ओल्ड’ हे वार्धक्यावरचे गाणे, आणि त्याच्या आरंभी डंजन फॅमिलीतील बिग रूब याचे गद्य निवेदन. एकविसाव्या वर्षी वार्धक्यावर गाणे करणे हा आगाऊपणा ठरू शकला असता. तसा तो वाटत नाही, कारण गाण्याला कसली घाई नाही.

घाई नसणे हाच या अल्बमच्या नादाचा गुण. त्या काळी न्यूयॉर्कच्या रॅपमध्ये ढोलाचे टोकदार, कोरडे आघात आणि जुन्या जॅझ तबकड्यांचे तुकडे यांची चलती होती. ‘एटीएलियन्स’चा ठेका संथ आहे. मंद्र सप्तकातला बास गिटार जमिनीलगत सरपटत राहतो, वर ऑर्गनचे दोन-चार सूर, आणि आवाजाला विहिरीत बोलल्यासारखा प्रतिध्वनी. जमैकातील ‘डब’ संगीतात ध्वनी असाच पोकळीत सोडून दिलेला असतो. मधल्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. ‘ई. टी.’ या गाण्यात तर तालवाद्यच नाही. हिप हॉपमधून ठेका काढून टाकणे म्हणजे लावणीतून ढोलकी काढण्यासारखे. पण गाणे तरीही तालात चालते, कारण शब्दच ठेका धरतात.

आणि शब्द अटलांटाचे आहेत. स्वर लांबवणारा दक्षिणी हेल, व्यंजने गिळण्याची लकब, तेथल्या गल्ल्यांची नावे, तेथले वाक्प्रचार. न्यूयॉर्कच्या श्रोत्याला कळावे म्हणून त्यांनी कुठेही उच्चार साफ केलेला नाही. पुणेरी प्रमाणभाषेच्या धाकाने खानदेशी किंवा बागलाणी बोली दाबून बोलणाऱ्या आपल्याकडच्या कित्येकांना यातले धाडस समजावून सांगावे लागणार नाही.

अल्बमसोबत २४ पानांची एक चित्रकथाही होती. तीत आंद्रे आणि बिग बॉय हे महानायक ‘नोसामुली’ नावाच्या खलनायकाशी लढताना दाखवले आहेत. चित्रकथा बेताचीच आहे, तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पण कॅसेट आणि सीडीच्या त्या जमान्यात मुखपृष्ठ उलगडून वाचण्यात जी मजा होती, तिचा तो नमुना आहे.

ऑलिम्पिकचे शहर

अल्बम आला त्या महिन्याच्या प्रारंभीच अटलांटातील ऑलिम्पिक स्पर्धा संपल्या होत्या. १९ जुलै ते ४ ऑगस्ट १९९६ असा त्यांचा कालावधी. लिअँडर पेसचे कांस्यपदक भारतीयांच्या स्मरणात आहे ते याच ऑलिम्पिकमधले. जगाला दाखवण्यासाठी अटलांटा झाडूनपुसून सज्ज करण्यात आले होते. अमेरिकेतील पहिली सार्वजनिक गृहवसाहत मानली जाणारी, १९३६ मध्ये वसलेली ‘टेकवूड होम्स’ या स्पर्धांच्या तयारीत पाडण्यात आली आणि तेथील गरीब कुटुंबे पांगली. दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, घाट आणि टपऱ्यांची उलथापालथ पाहणाऱ्या नाशिककरांना उत्सवाचा हा दुसरा चेहरा नवा नाही. ऑलिम्पिकच्या दूरचित्रवाणी चित्रणात अटलांटा म्हणजे चकचकीत मैदाने आणि कोकाकोलाचे मुख्यालय होते. तीनच आठवड्यांनी आलेल्या या अल्बममध्ये त्याच शहराच्या नैर्ऋत्येकडील वस्त्यांचा आवाज होता.

स्वागत आणि आकडे

‘एलिव्हेटर्स’ जुलै १९९६ मध्येच स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले होते. ते ‘बिलबोर्ड’च्या मुख्य यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत आणि रॅप यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अल्बमने ‘बिलबोर्ड २००’ या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर प्रवेश केला आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या सुमारे साडेतीन लाख प्रती विकल्या गेल्या. पुढे अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याला वीस लाख प्रतींसाठीचे दुहेरी प्लॅटिनम प्रमाणपत्र दिले. हुर्यो उडवलेल्या सोहळ्याचे यजमान असलेल्या ‘द सोर्स’ मासिकाने या अल्बमला पाचपैकी चार ‘माइक’ दिले. पाचही माइक मिळाले ते १९९८ मधील ‘अक्वेमिनाय’ या तिसऱ्या अल्बमला. अनेक समीक्षक तोच या जोडीचा सर्वोत्तम अल्बम मानतात. प्रस्तुत प्रतिनिधीचे मत निराळे आहे. ‘अक्वेमिनाय’ अधिक समृद्ध असेल, पण आपण कोण हे ठरवण्याचा क्षण दुसऱ्या अल्बममध्ये आहे आणि तो एकदाच येतो.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ‘स्टँकोनिया’ (२०००) आणि त्यातील ‘मिस जॅक्सन’. मग ‘स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो’ (२००३) हा जोडअल्बम आणि ‘हे या’ हे जगभर वाजलेले गाणे. या अल्बमला २००४ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. भारतातील श्रोत्यांना ‘आउटकास्ट’ माहीत झाले ते बहुधा येथे. प्रस्तुत प्रतिनिधीनेही ‘एटीएलियन्स’ प्रथम ऐकला तो ‘हे या’च्या मागोमाग, २००७ च्या सुमारास, कॉलेज रोडवरील एका सायबर कॅफेतून उतरवून घेतलेल्या एमपी३ सीडीवर. गाण्यांचा क्रम उलटसुलट होता आणि दोन फाइलींची नावे चक्क दुसऱ्याच चमूची होती. कोणता अल्बम आधीचा आणि कोणता नंतरचा, हे कळायलाच बराच काळ गेला.

तेथून पुण्यापर्यंत

‘एटीएलियन्स’ने मोकळ्या केलेल्या वाटेवरून अटलांटाचे पुढचे रॅपर चालले, पण त्यांचा नाद वेगळा होता. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. हे नाव रूढ झाले ते टी. आय. या अटलांटाच्याच रॅपरच्या ‘ट्रॅप म्युझिक’ या १९ ऑगस्ट २००३ च्या अल्बममुळे. योगायोग असा की तोही त्याचा दुसराच अल्बम. ट्रॅपचा कणा म्हणजे ‘रोलंड टीआर-८०८’ या जपानी ड्रम मशीनचा खर्जातला धमाका. हे यंत्र १९८० ते १९८३ एवढीच वर्षे तयार झाले, तेव्हा ते फारसे खपलेही नाही. पण जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर त्याने संगीताचा एक अख्खा प्रदेश व्यापला. मिरवणुकीत नाशिक ढोलाचा ठोका कानाआधी छातीवर आदळतो, हे अनुभवलेल्या कुणालाही ८०८ चे वेड समजू शकेल.

ट्रॅप जगभर गेला आणि महाराष्ट्रातही आला. मुंबईचा डिव्हाइन आणि नेझी यांच्या ‘मेरे गली में’ (२०१५) या गाण्यामागे न्यूयॉर्कची प्रेरणा अधिक होती. ‘गली बॉय’ (२०१९) या चित्रपटाने तो प्रवाह घराघरांत नेला. डिव्हाइनचा ‘कोहिनूर’ २०१९ मध्ये आणि ‘पुण्य पाप’ हा दुसरा अल्बम २०२० मध्ये आला. अटलांटाच्या ट्रॅपची थेट सावली मात्र पुण्याच्या ताडीवाला रस्ता परिसरातून आलेल्या अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅन याच्यावर दिसते. आवाजावर चढवलेला ऑटोट्यूनचा मुलामा, सरपटणारा खर्ज आणि वस्तीतील जगण्याचे उघडेवाघडे तपशील हा त्याचा ऐवज. ‘तडीपार’ (२०२०) हा त्याचा पहिला अल्बम आणि ‘इन्सान’ (२०२२) हा दुसरा. पहिल्याच्या नावात समाजाने हाकलून दिलेला माणूस आहे, दुसऱ्याच्या नावात नुसता माणूस. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व त्याने जिंकले, तेव्हा ‘शेमडी’ हा पुण्याच्या गल्लीतला शब्द देशभरच्या पोरांच्या तोंडी झाला होता. त्याच्या गाण्यांतील शिवराळपणा अनेकांना रुचत नाही आणि ती तक्रार रास्तच आहे. पण त्याने दिल्ली किंवा मुंबईच्या हिंदीसाठी आपली बोली बदलली नाही, हेही तितकेच खरे. हे दक्षिणेकडून आलेले शिक्षण आहे, मग ते त्याने थेट घेतलेले असो वा दहा हातांतून आलेले.

‘आउटकास्ट’चा ‘आयडलवाइल्ड’ (२००६) नंतर एकही नवा अल्बम आलेला नाही. आंद्रेने २०२३ मध्ये स्वतंत्रपणे ‘न्यू ब्लू सन’ हा बासरीवादनाचा अल्बम काढला. त्यात रॅप अजिबात नाही. बिग बॉयने २०१९ मध्ये लेकवूड हाइट्समधील ते तळघराचे घर विकत घेतले. रिको वेड यांचे १३ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी निधन झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘आउटकास्ट’चा ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. त्या वेळी सभागृहाने हुर्यो उडवली नाही.

‘एटीएलियन्स’ आज संगीताच्या सर्व प्रमुख संकेतस्थळांवर आणि अॅपवर उपलब्ध आहे. अल्बमला २५ वर्षे झाल्यानिमित्त २०२१ मध्ये निघालेल्या आवृत्तीत सर्व गाण्यांचे केवळ वाद्यसंगीताचे पाठही आहेत. ज्यांना इंग्रजीचा दक्षिणी हेल पहिल्या फटक्यात उमगत नाही त्यांनी आधी ते ऐकावेत. भाषा काही ठिकाणी भडक आहे, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर हेडफोन लावलेला बरा. आणि क्रम मोडू नये. ‘ई. टी.’पर्यंत पोहोचायला साधारण पाऊण तास लागतो. त्या गाण्यात ठेका नाही हे लक्षात यायला अनेकांना दुसऱ्यांदा ऐकावे लागते.